बॅलरॅटच्या जुन्या हॉटेलांचा कौटुंबिक इतिहास जतन करण्यासाठी आवाहन

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १८५१ साली सोने सापडले आणि बॅलरॅटच्या माळावर तंबूंची वसाहत उभी राहिली. त्या वसाहतीत हॉटेल म्हणजे नुसते मद्यगृह नव्हते. प्रवासी तेथे उतरत, सभा आणि लिलाव तेथे होत, आणि संशयास्पद मृत्यूची चौकशीसुद्धा अनेकदा तेथेच बसे. हा सगळा व्याप बहुधा एखादे कुटुंबच सांभाळी आणि मालक वारल्यावर मद्यविक्रीचा परवाना पुष्कळदा त्याच्या विधवेच्या नावावर होई.

थॉमस बाथने १८५३ मध्ये सुरू केलेले आणि १८५७ मध्ये वॉल्टर क्रेगने विकत घेतलेले क्रेग्ज रॉयल हॉटेल लिडियार्ड मार्गावर आजही उभे आहे. त्यामागचा तबेला काही काळ कवी अ‍ॅडम लिंडसे गॉर्डन चालवीत असे, म्हणून त्याची आठवण राहिली. इतर तबेलेवाल्यांची, स्वयंपाकिणींची आणि खोल्या झाडणाऱ्या मुलींची नावे मात्र क्वचितच सापडतात. जेम्स आणि कॅथरीन बेंटली यांचे युरेका हॉटेल संतप्त खाणकामगारांनी १७ ऑक्टोबर १८५४ रोजी जाळले, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्या आगीत सर्वस्व गमावलेल्या गरोदर कॅथरीनचा विचार फारसा कोणी करीत नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

म्हणून आमच्या स्थानिक इतिहास मंडळाने हॉटेलवाल्या आणि तेथे राबलेल्या कुटुंबांची कागदपत्रे एकत्र करण्याचे काम हाती घेतले आहे. १९०६ च्या परवाना कायद्यानंतर अनेक हॉटेले बंद पडून त्यांची दुकाने व राहती घरे झाली, आणि अशा घरांत आज नव्याने स्थायिक झालेली कुटुंबे राहतात. त्यांत आपण मराठी मंडळीही असाल, तर माळ्यावर किंवा भिंतीआड सापडलेली हिशेबाची वही, परवाना, पत्र वा छायाचित्र कृपया टाकून देऊ नये. मूळ वस्तू आपल्याकडेच राहील. आम्ही फक्त तिची प्रत घेऊ. शेजारच्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी स्वयंसेवकही हवे आहेत.

प्रती काढणे, नाजूक कागदांची डागडुजी आणि ते ठेवण्यासाठी आम्लरहित पेट्या घेणे यांसाठी निधी लागणार आहे. आपण यथाशक्ती देणगी द्यावी, ही नम्र विनंती. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि जमाखर्च मंडळाच्या वार्षिक सभेत मांडला जाईल.