अनोळखी मृतांना त्यांचे नाव मिळावे म्हणून आवाहन

सर्व सभासद, देणगीदार व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

उलगडा न झालेल्या जुन्या खुनांतील अनोळखी मृतांची ओळख पटवण्याचे काम आपले मंडळ करते, हे आपणांस नव्याने सांगायला नको. तरीही गेल्या वार्षिक सभेत ‘खुनीच सापडत नाही, मग मेलेल्याचे नाव कळून उपयोग काय?’ असा प्रश्न आला आणि तो मनाला लागला. मृत व्यक्ती कोण हेच ठाऊक नसेल, तर तिला शेवटचे कोणी पाहिले, तिचे कोणाशी वैर होते, हे तपास अधिकाऱ्याने विचारायचे कोणाला?

हे काम उभे राहिले ते आपल्याच माणसांच्या बळावर. स्वतःचा भाऊ अखेरपर्यंत न सापडलेल्या आपल्या पहिल्या देणगीदारांनी कपाट, टेबल आणि पहिल्या वर्षाचे भाडे दिले, आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. आपल्या दंतवैद्य सभासदांनी कित्येक रविवार बेपत्ता व्यक्तींच्या हसऱ्या फोटोंतील दात आणि कवटीच्या दातांच्या नोंदी शेजारी ठेवून पडताळले. शिवणकाम करणाऱ्या आपल्या ताईंनी एका मृताच्या कपड्याच्या बाहीची आतली शिवण भिंगाखाली धरून, ती उसवून घरी पुन्हा हाताने घातलेली आहे, हे दाखवले. तेवढ्या टाक्यांवरून बेपत्ता व्यक्तींच्या जुन्या तक्रारींचा गठ्ठा पुन्हा उघडला गेला. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

बेल्जियममधील अँटवर्प शहरात १९९२ साली खून झालेल्या स्त्रीला तिच्या नातेवाइकांनी २०२३ साली, अनोळखी मृत स्त्रियांची ओळख पटवण्याच्या इंटरपोलच्या मोहिमेची बातमी पाहून, हातावरच्या फुलाच्या गोंदणावरून ओळखले. अमेरिकेतील फिलाडेल्फियात १९५७ साली खोक्यात सापडलेल्या मुलाचे नाव २०२२ साली डीएनए आणि वंशावळीच्या आधारे जाहीर झाले. उशीर झाला म्हणून प्रकरण संपत नाही, ते असे.

आज आपल्यापुढे एका हाडाचा नमुना आहे. नेहमीच्या तपासणीत डीएनएच्या वीसेक जागा पाहतात, त्यावरून आईवडील, मुले असे जवळचे नातेच खात्रीने लागते. लाखो जागा वाचणाऱ्या तपासणीत दूरचे चुलत-मावस नातेही लागते, पण ती महाग आहे. शिवाय जुन्या हाडातील डीएनए तुटलेला असतो, त्यात जिवाणूंचा डीएनए मिसळलेला असतो, आणि प्रत्येक प्रयत्नात हाडाची थोडी भुकटी कायमची खर्ची पडते. म्हणून स्वस्तातला प्रयोग करून नमुना वाया घालवणे आम्हांस मान्य नाही.

गेल्या आवाहनाला मोजक्याच, त्याही नेहमीच्याच, मंडळींनी प्रतिसाद दिला, याचे वाईट वाटले. या वेळी तसे होऊ नये.

देणगी मंडळाच्या नावे धनादेशाने किंवा रोखीने महिनाअखेरपर्यंत कार्यालयात द्यावी (सायं. ६ ते ८, पावती लगेच). घरातील कोणी बेपत्ता असल्यास दात दिसतील असे फोटो, जुने एक्स-रे आणावेत; गालाच्या आतील नमुना पोलिसांमार्फत व लेखी संमतीनेच घेतला जाईल. जुन्या नोंदी टंकित करण्यास दोघे जण हवे आहेत.

आपला,
चिटणीस