हार्परच्या निवडीचा प्रश्न जागेचा नाही, नेमबाजीचा आहे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या २०२५ च्या ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी नवोदित खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेचा, आढावा घेणारा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. संघात डीॲरन फॉक्स आणि स्टीफन कॅसल हे दोन गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारे खेळाडू) आधीच असताना सॅन अँटोनियो स्पर्सने दुसऱ्या क्रमांकावर डिलन हार्पर हा तिसरा गार्ड घेतला, म्हणून ही निवड संघाशी जुळत नाही आणि त्यापेक्षा तो क्रमांक दुसऱ्या संघाला देऊन एखादा अनुभवी फॉरवर्ड (गार्डपेक्षा सहसा उंच, बाजूने खेळणारा खेळाडू) आणायला हवा होता, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. लेखकाची शंका निराधार आहे असे मला वाटत नाही. मात्र ती ज्या वाटेने मांडली गेली आहे त्या वाटेने गेल्यास नवोदित खेळाडूची पारख दर वर्षी चुकत राहील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी साधा हिशेब मांडतो. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि बहुतेक संघ दोन गार्ड एका वेळी खेळवतात, म्हणजे दोघांच्या मिळून ९६ मिनिटे होतात. ती तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२ मिनिटे येतात, आणि एनबीएतल्या चांगल्या खेळाडूला साधारण तेवढीच मिळतात. त्यातच हार्परची उंची साडेसहा फुटांच्या आसपास आणि पसरलेल्या हातांचा पल्ला सहा फूट दहा इंचांहून अधिक असल्याने, काही काळ तिघेही एकत्र मैदानात उतरले तरी बचावात संघ ठेंगणा पडत नाही. तेव्हा गार्डांची गर्दी ही मुळात प्रशिक्षकाच्या वेळापत्रकाची अडचण आहे.

सेंटरची, म्हणजे सहसा रिंगजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूची, गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिथे ती ४८ मिनिटे सहसा एकाच माणसाची असतात. फिलाडेल्फियाने २०१३ मध्ये नर्लेन्स नोएल, २०१४ मध्ये जोएल एम्बीड आणि २०१५ मध्ये जलील ओकाफोर असे लागोपाठ तीन सेंटर मिळवले. पायाच्या दुखापतीमुळे एम्बीड पहिले दोन हंगाम मैदानात उतरलाच नाही, त्यामुळे ओकाफोरला घेण्यामागची धास्ती समजण्यासारखी होती. ओकाफोरने पहिल्या हंगामात सरासरी १७.५ गुण काढले, संघाने ८२ पैकी १० सामने जिंकले. पुढे एम्बीड बरा होऊन परतला तेव्हा रिंगजवळची जी जागा ओकाफोरला हवी होती नेमकी तीच त्यालाही हवी होती, आणि डिसेंबर २०१७ पर्यंत नोएल डॅलसला व ओकाफोर ब्रुकलिनला गेला होता. डेन्व्हरमध्ये युसुफ नुर्किच आणि निकोला योकिच यांना एकत्र खेळवण्याचा प्रयत्नही असाच फसला. फेब्रुवारी २०१७ मध्ये नुर्किचला पोर्टलंडला पाठवून तो पेच सोडवावा लागला. म्हणजे ‘या जागी आधीच कोणी आहे’ हा आक्षेप सेंटरच्या बाबतीत जितका वजनदार ठरतो, तितका गार्डच्या बाबतीत ठरत नाही. लेखात हा फरक केलेलाच नाही.

आता उलट बाजू पाहू, म्हणजे जागा रिकामी आहे म्हणून केलेली निवड. इथे मला २०२० मधले गोल्डन स्टेटचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. संघाकडे स्टीफन करी, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन होते, उंच आणि चपळ सेंटर नव्हता, आणि दुसऱ्या क्रमांकाची निवड हातात होती. त्यांनी सात फुटी जेम्स वाइझमनला घेतले, आणि तिसऱ्या क्रमांकावर लामेलो बॉल शार्लटकडे गेला. कागदावर याहून नेमकी जोडी सापडणे कठीण होते. ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी संघांना गुणपत्रिका वाटण्याची जी प्रथा पडली आहे (मला ती कधीच पटलेली नाही), तिच्यात रिकामी जागा भरणाऱ्या अशा निवडीला पैकीच्या पैकी गुण मिळणे ओघानेच येते.

पण गोल्डन स्टेटचा सेंटर करतो काय, हे जरा जवळून पाहावे. करी चेंडू सेंटरच्या हाती देतो आणि स्वतः चेंडूविना धावत सुटतो. सेंटर फ्री थ्रोच्या रेषेच्या कोपऱ्यावर उभा राहून, करी सहकाऱ्याला वळसा घालून बाहेर येणार की अर्ध्यावरून रिंगकडे वळणार, हे त्याच्या एका पावलावरून ओळखतो. त्याने लावलेला स्क्रीन (बचावपटूची वाट अडवण्यासाठी मध्ये उभे राहणे) एखादे पाऊल इकडेतिकडे सरकला तर करीला नेमबाजीसाठी मिळणारी फट बुजते. आणि प्रतिस्पर्ध्यांनी दोन माणसे करीवर धाडली की सेंटर चेंडू घेऊन मोकळा होतो, पुढे चारास तीन असा खेळ उरतो आणि पास कोणाला द्यायचा हे क्षणार्धात ठरवावे लागते. वाइझमनने मेम्फिस विद्यापीठासाठी जेमतेम तीन सामने खेळले होते. त्याची ताकद धावण्यात, उडी मारून वरचा चेंडू रिंगमध्ये दाबण्यात होती आणि ती खरीही होती. परंतु त्या संघाला सेंटरकडून हवे होते ते खेळाचे वाचन आणि वेळेचे भान. त्यात गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम बुडाला. त्याच हंगामात संघाने विजेतेपद मिळवले ते केव्हॉन लूनी या सहा फूट नऊ इंचांच्या, २०१५ मध्ये ३० व्या क्रमांकावर घेतलेल्या सेंटरला खेळवून. फेब्रुवारी २०२३ मध्ये वाइझमन डेट्रॉइटला गेला. उंची जुळली होती, जागा जुळली होती, काम जुळले नव्हते.

या संदर्भात सॅक्रामेंटोचे २०१८ मधले उदाहरण हटकून निघते, म्हणून तेही सांगून टाकतो. फॉक्स तेव्हा सॅक्रामेंटोचा गार्ड होता आणि संघाने लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगली हा फॉरवर्ड घेतला. पुढे डॉन्चिच एनबीएतल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक ठरला, बॅगली मात्र नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच. १९८४ मधल्या पोर्टलंडबद्दल मात्र मी जरा सौम्य आहे. क्लाइड ड्रेक्सलर संघात असल्यामुळे त्यांनी मायकल जॉर्डनऐवजी सॅम बोवीला घेतले ही कथा नेहमी ‘गरजेपोटी केलेली चूक’ म्हणून सांगितली जाते, पण नडगीच्या दुखापतीने कॉलेजचे दोन हंगाम गमावलेल्या सेंटरवर दुसरा क्रमांक खर्च करणे हा निष्काळजीपणा त्याहून मोठा होता.

मग हार्परची निवड तपासायची कशी? जागा कोणती हे बाजूला ठेवून, चेंडू त्याच्या हाती नसताना प्रतिस्पर्धी त्याच्याशी कसे वागतील, हा प्रश्न मी आधी विचारीन. २०२४ च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) डॅलसने ओक्लाहोमा सिटीच्या जॉश गिडीला तीन गुणांच्या रेषेबाहेर जवळजवळ मोकळे सोडले आणि त्याच्यावरचा बचावपटू रिंगजवळ उभा करून त्या संघाचा मुख्य खेळाडू शाय गिल्जस-अलेक्झांडर याची वाट अडवली. गिडी उंच होता, उत्तम पास देत होता, पण मालिकेच्या मध्यातच त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढावे लागले. त्याच उन्हाळ्यात त्याला शिकागोला देऊन ओक्लाहोमा सिटीने ॲलेक्स करूसोला आणले आणि २०२५ मध्ये तो संघ विजेता झाला. न जुळणे म्हणतात ते हे.

या कसोटीवर स्पर्सची अडचण स्पष्ट दिसते. कॅसलने पहिल्या हंगामात तीन गुणांचे फटके २८.५ टक्के अचूकतेने मारले, फॉक्सचे त्या हंगामातले प्रमाणही ३१ टक्क्यांच्या आसपास होते आणि रटगर्स विद्यापीठाकडून सरासरी १९.४ गुण काढणाऱ्या हार्परचे ३३ टक्के होते. तिघांनाही चेंडू हातात घेऊन रिंगकडे घुसायला आवडते. फॉक्स आणि हार्पर तर दोघेही डावखुरे आहेत. तिघे एकत्र असताना प्रतिस्पर्धी आत दाटी करतील, ही लेखकाची भीती या अर्थाने खरी आहे, फक्त तिचे कारण ‘गार्ड’ हे नाव नसून ही टक्केवारी आहे.

याच संघात ती भीती निम्मी करणारी एक गोष्टही आहे आणि तिचा लेखात उल्लेखही नाही. व्हिक्टर वेम्बान्यामा हा सेंटर असूनही २०२४-२५ मध्ये सामन्यागणिक जवळपास नऊ वेळा रेषेबाहेरून नेम धरत होता. त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत उंच माणसाला बाहेर यावेच लागते आणि रिंगसमोरची वाट उघडी पडते. खांद्याने धक्का पचवत रिंगपर्यंत पोहोचणे हे हार्परचे सर्वांत पक्के कौशल्य आहे आणि ते वापरायला त्याला यापेक्षा मोकळे मैदान फार थोड्या संघांत मिळाले असते. शिवाय १४ व्या क्रमांकावर स्पर्सने कार्टर ब्रायंट हा बचाव आणि बाहेरून नेमबाजी करू शकणारा फॉरवर्ड घेतला, म्हणजे कमी काय आहे हे व्यवस्थापनाला समजत होते. दुसऱ्या क्रमांकावर मिळणारी गुणवत्ता आणि १४ व्या क्रमांकावर भागणारी गरज यांची अदलाबदल त्यांनी केली नाही, हे मला योग्य वाटते.

खरी परीक्षा पुढे आहे आणि ती पैशाची आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि तिसऱ्या हंगामानंतरच्या उन्हाळ्यात त्याला वाढीव करार देता येतो. त्यानुसार वेम्बान्यामाची पाळी २०२६ मध्ये, कॅसलची २०२७ मध्ये आणि हार्परची २०२८ मध्ये येते. फॉक्सशी तर ऑगस्ट २०२५ मध्येच चार वर्षांचा, सुमारे २२.९ कोटी डॉलरचा नवा करार झाला आहे. चौघांनाही मोठे पगार देणे पगारमर्यादेच्या नियमांत कोणत्याही संघाला परवडणारे नाही, त्यामुळे तिघा गार्डांपैकी एकाला निरोप द्यावा लागेल असे मी धरून चालतो. तो कोण असावा हे २०२५ च्या जूनमध्येच ठरवून हार्परला नाकारण्यापेक्षा, त्याचा आणि कॅसलचा बाहेरून नेम दोन हंगामांत ३५ टक्क्यांच्या जवळ पोहोचतो का हे पाहून ठरवणे अधिक शहाणपणाचे होते, आणि स्पर्सने तेवढी मुभा स्वतःकडे राखली आहे.

पुढील ड्राफ्टच्या वेळी आपल्या समीक्षकांनी प्रत्येक निवडीसोबत तो खेळाडू कोणत्या चौघांबरोबर खेळेल आणि चेंडू हाती नसताना काय करील एवढे दोन मुद्दे लिहिले, तर माझ्यासारख्या वाचकांची मोठी सोय होईल.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक