मीराला प्रार्थना शिकवताना

कोल्हापूर

चि. अनघा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मीराला शुभंकरोती शिकवावंसं वाटतं, पण तिच्यावर काही लादायचं नाही. देव मानायचा की नाही ते मोठेपणी तिचं तिनं ठरवावं." तुला ऑफिसची घाई होती म्हणून विषय तिथंच राहिला. तसाही तो फोनवर मावण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले.

देव मानायचा की नाही हे तिला खुशाल ठरवू दे, माझी काही हरकत नाही. पण चार वर्षांच्या लेकराला अंधाराची भीती आज वाटते. बालवाडीत कुणी ढकललं की पोटात कालवतं तेही आजच. ते कुणाला आणि कसं सांगायचं, हे तिला अजून कळत नाही. रोज एकदा शांत बसून ते मोकळं करायची सवय तिला आत्तापासूनच लागायला हवी.

2005 चा पूर आठवतो तुला? पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं आणि आपण शाळेच्या एका वर्गात राहायला गेलो. मोठी माणसं सारखी फुटांतच बोलत होती. राजाराम बंधाऱ्याला किती झालं, धोक्याची पातळी 43, अजून चढतंय का. तुम्हा पोरांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, पण तुम्ही सगळं ऐकत होतात. तू तर बोलायचीच बंद झाली होतीस. वीज नव्हती. तिन्हीसांजेला आजीनं मेणबत्ती लावली आणि घरी म्हणायची त्याच चालीत सुरू केलं, "दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडल मोतीहार." तू तिच्यामागून म्हणायला लागलीस, मग पलीकडच्या सतरंजीवरची मुलंही आली. संपल्यावर आजीनं विचारलं, "आज देवाला काय सांगायचं गं?" तू म्हणालीस, "गंगावेशीतल्या म्हशींना पोहता येऊ दे." ज्यांचं धारोष्ण दूध तू कट्ट्यावर उभी राहून प्यायचीस, त्या म्हशींची काळजी मनात घेऊन तू बसली होतीस, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. त्या रात्री तू झोपलीस.

मी एवढी वर्षं नर्सिंग केलं. ऑपरेशनला नेताना घाबरलेल्या मुलांना आम्ही सावकाश श्वास सोडायला सांगायचो, कारण श्वास लांबला की छातीतली धडधडही उतरते. चालीवर म्हटलेली प्रार्थना नेमकं हेच करते, ओळ संपेपर्यंत श्वास सोडावाच लागतो. 2001 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांवर हे मोजलं होतं. जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना असो की 'ओम मणि पद्मे हुम्', म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत येत होता. देव कुणाचा, यानं काही फरक पडला नाही. हार्वर्डच्या संशोधकांनीही 2018 मध्ये एक अभ्यास छापला. त्यात पाच हजारांवर मुलं होती, आणि ती सगळी नर्सांची, म्हणून मी तो जरा आपुलकीनं वाचला. किशोरवयात रोज प्रार्थना किंवा ध्यान करणारी मुलं पुढं तरुणपणी जास्त समाधानी दिसली. तरीही मीराची भीती फारच वाढली, खाणंझोपणं बिघडलं, तर डॉक्टरांकडे जायचंच. प्रार्थना औषधाच्या जागी नसते.

आता कळकळीनं सांगते ते ऐक. देवाची भीती तिला कधीच घालू नकोस. "खोटं बोललीस तर बाप्पा शिक्षा करेल" हे वाक्य तुझ्या घरात कुणाच्याच तोंडी येऊ देऊ नकोस, आजी-आजोबांच्याही नाही, माझ्यासकट. जिथं मन मोकळं करायचं तिथंच शिक्षेची धास्ती बसली, तर ते लेकरू बोलणार कुठं? पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" असंही करू नकोस. पाठ झालं नाही तरी चालेल, शब्द चुकले तर चुकू देत. दिवा लावून तू स्वतः बस, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. ती आपोआप शेजारी येईल. दोन मिनिटं पुरतात. एखाद्या दिवशी नको म्हणाली तर नको.

शुभंकरोती झालं की आजीसारखं विचार, आज काय सांगायचं? कुणाचा राग आला, कशाची मजा वाटली, कोण आजारी आहे. जे येईल ते येऊ दे, दुरुस्त करू नकोस. आणि रोज दुसऱ्या कुणासाठी तरी एक मागणं असू दे, मग ते कामवाल्या मावशी असोत नाहीतर गेटवरचं कुत्रं. मुलांची माया अशीच वाढत जाते, हे मी तुझ्यात पाहिलंय.

ती खेळणं मागेल आणि मिळणार नाही, तेव्हा "देवानं ऐकलं नाही" म्हणून रडेल. त्याला घाबरू नकोस. जानेवारीअखेर तिला घेऊन ये, आपण अंबाबाईच्या किरणोत्सवाला जाऊ. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. कधी ढग येतात, किरणं अर्ध्यावर विरतात. तरी माणसं हात जोडून उभी असतात आणि नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाला परत येतात. समजावून काही सांगू नकोस, नुसतं कडेवर घेऊन उभी राहा. तिला दिसेल ते दिसेल.

रविवारी फोन करशील तेव्हा मीरानं कुणासाठी काय मागितलं ते सांग. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई