तिथे तू वाचायचा थांबलास

तळमजल्यावरच्या चिरंजीवांस,

अनेक आशीर्वाद. नाव लिहीत नाही. बारावीच्या वर्षात अख्खी दुपार माझ्याकडे सिनेमा बघत बसलास हे कळलं, तर तुझी आई मलाच बोल लावेल.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमची मंडळी फोनवर ‘आराम करा’ सांगून मोकळी झाली. एकाला म्हटलं, ये रे, एखादा सिनेमा लावून बस सोबतीला. तर म्हणे, ‘काका, खालच्या ओळी भराभर पळतात, तुम्हाला नाही झेपायचं.’ याच महाभागाने मागे मला एका राक्षसपटाला नेलं होतं. नुसत्या इमारती पडत होत्या, माणूस एक लक्षात राहिला नाही. त्यामुळे तू जपानी राक्षसपट ‘गॉडझिला मायनस वन’ म्हणालास तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

आणि तू खालचं इंग्रजी वाचून मला मराठीत सांगत सुटलास. १९४५ साल. आत्मघाती हल्ल्यावर धाडलेला वैमानिक विमान बिघडल्याची थाप मारून बेटावर उतरतो. जिवंत घरी येतो, तर टोकियोची राख झालेली, आणि शेजारीण त्याच्या जगण्यावरच डाफरते. सुरुंग काढायच्या लाकडी होडीपाशी मी तुला थांबवलं. चुंबकी सुरुंग लोखंडी बोटीखाली फुटतो, लाकडी होडीची त्याला चाहूल लागत नाही. गोदीत जन्म गेलेल्या माणसाला तेवढं तरी सांगता आलं!

पण त्या होडीच्या आधीच ती शेजारीण पुन्हा आली होती. तिची स्वतःची मुलं बॉम्बहल्ल्यात गेलेली. वैमानिक आणि त्याच्या घरी आसऱ्याला आलेली नोरिको, या दोघांच्या पदरात कुणाची तरी अनाथ तान्ही पोर, तिला भरवायला धड काही नाही. बाई तणतणली, आणि जपून ठेवलेला पांढरा तांदूळ काढून दिला, पोरीच्या पेजेसाठी.

तिथे तू वाचायचा थांबलास. पंख्याचा आवाज तेवढा. जरा वेळाने ‘काका, थेंबांची वेळ झाली’ म्हणालास, आधी कापसाने माझ्या डोळ्याखालचं टिपून घेतलंस, आणि ते कसलं पाणी, हे विचारलं नाहीस.

माणुसकीवर भाषणं ठोकणारे मी आयुष्यभर ऐकले रे. निवृत्तीच्या समारंभात तर तीन ऐकली. कापूस हातात घेणारा तू पहिला.

गॉडझिला? तोही आहे की! शेपटीपासून पाठीवरचे काटे खटाखट वर यायला लागले तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. नंतर तू सांगितलंस, दृश्यकरामतींचं २०२४ चं ऑस्कर याला मिळालं, ६१० दृश्यांचं काम अवघ्या ३५ कलाकारांनी केलं, आणि दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच त्या कामाचा प्रमुख. आमच्याकडे एक नांगर चढवताना बघायलाच तेवढी माणसं उभी असत.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तू आधी परीक्षेचं बघ. पण १९५४ चा पहिला, कृष्णधवल ‘गोजिरा’ आहे म्हणालास ना, तो एकटा बघून टाकू नकोस.

तुझा,
दुसऱ्या मजल्यावरचा काका