दोघांच्या खेळाचा पिक्चर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारी रात्री पोरांसोबत ‘साइड आउट’ हा १९९० सालचा हॉलीवूडचा पिक्चर बघितला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, बीच व्हॉलीबॉलवर म्हणजे वाळूत दोघा-दोघांत खेळायच्या व्हॉलीबॉलवर असा पिक्चर आपल्या कोल्हापुरातपण निघायला पाहिजे, म्हणून लिहायला बसलो. वकिली शिकणारा एक पोरगा लॉस एंजेलिसला नातेवाईकाच्या ऑफिसात कामाला येतो, घर खाली करायची नोटीस द्यायला जातो आणि ज्याला नोटीस द्यायची तो निघतो बीच व्हॉलीबॉलचा जुना चॅम्पियन. गोष्ट साधीच, पुढं काय होणार ते लहान पोरगं पण सांगेल. पण मला लई आवडला, कारण ह्या खेळात नाटक बाहेरून आणून घालायला लागत नाही.

मी गावाकडं शाळेच्या ग्राउंडवर बरीच वर्षं व्हॉलीबॉल खेळलोय, लिफ्टर म्हणून, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा. आमच्याकडं व्हॉलीबॉलचे शूटिंग आणि स्मॅशिंग असे दोन्ही प्रकार चालायचे. सहा जणांत एखाद्याचा हात त्या दिवशी चालत नसला तर बाकीचे पाच निभावून नेतात, नाहीतर बदली गडी उतरतो. बीच व्हॉलीबॉलमध्ये दोघंच, बदली नाही. आठ बाय आठ मीटरची आपली बाजू दोघांनी राखायची आणि ती पण वाळूत, उडी घ्यायला जावं तर पाय आतच रुततो. समोरच्यांना कळलं की दोघांत कच्चा कोण आहे, मग सर्व्हिस त्याच्यावरच येत राहते, पास त्यानंच द्यायचा, जोडीदारानं लिफ्ट केली की पळत जाऊन स्मॅशपण त्यानंच मारायचा, उन्हात जीव जातो पार. दोघांची सकाळी भांडणं झालेली असली तरी लिफ्ट द्यायला तिसरा कोण नाहीच. आणि नेटजवळचा पाठीमागं बोटांनी खूण करतो, एक बोट म्हणजे लाइनचा सरळ मारा अडवतो, दोन म्हणजे तिरका, उरलेली जागा मागच्यानं बघायची. त्या बोटांवर भरवसा नसला तर पॉइंट गेलाच म्हणून समजा!

आता कोण म्हणेल असा पिक्चर काढायला कोल्हापूरला समुद्र कुठाय. अहो, २०१२ ला लंडनमध्ये ऑलिम्पिकच्या मॅची भर शहरात परेड ग्राउंडवर वाळू टाकून झाल्या, २०२४ ला पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी झाल्या. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी पिक्चर काढले, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावाला कोर्टभर वाळू जड आहे का? आणि मातीत पडून उठायचं आपल्या तालमीतल्या पोरांना नव्यानं शिकवायला नको.

फक्त पिक्चर काढताना दोन गोष्टी सांभाळा. पोरींची मॅच दाखवायची तर कॅमेरा खेळावर ठेवा, कपड्यांवर नको, २०१२ पासून तर शॉर्ट आणि बाह्यांचा टॉप घालून खेळायचीपण परवानगी आहे, त्यामुळं ‘खेळाचा ड्रेसच तसा आहे’ हे कारणसुद्धा चालणार नाही. आणि दुसरं, आपल्याकडच्या खेळाच्या पिक्चरमध्ये आधी हात, मग बॉल, मग शिट्ट्या मारणारी पब्लिक असे तुकडे तुकडे दाखवतात, कोण कुठं उभाय तेच कळत नाही. कोर्टवर चौघंच तर असतात, कॅमेरा मागं आणि जरा उंच ठेवला की चौघंही दिसतात. कुणी दिग्दर्शक हे पत्र वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगणं आहे, एक तरी रॅली सर्व्हिसपासून बॉल वाळूत पडेपर्यंत न तोडता दाखवा.

आपला,
एक जुना लिफ्टर, कोल्हापूर