नुसतं वय बघून ठरवू नका

संपादक महोदय,

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) बायोप्सीत कॅन्सर निघाला की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात, एकतर "बापरे, लगेच ऑपरेशन करून टाका" नाहीतर "आता या वयात कशाला त्रास द्यायचा, हा कॅन्सर हळू वाढतो". माझ्या काकांच्या वेळी सगळे दुसरं वाक्य बोलले, मीपण बोललो, आणि रिपोर्टवर ग्लीसन 4+5=9 असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ आमच्यातल्या कोणीच विचारला नाही. पुढे तो हाडांत पसरला. म्हणून लिहितोय.

ग्लीसन म्हणजे ट्यूमरची ग्रेड, मायक्रोस्कोपखाली पेशींची रचना किती बिघडलीय त्याचा आकडा, जितका मोठा तितका वाईट. ही दोन आकड्यांची बेरीज असते, पहिला सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रचनेचा, दुसरा त्याखालोखालच्या रचनेचा. हल्ली रिपोर्टवर तो बहुतेक 6 ते 10 मधे असतो. आणि बेरजेवर थांबू नका, 3+4 पण 7 आणि 4+3 पण 7, तरी 4+3 जास्त वाईट.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात 1971 ते 1984 मधे निदान झालेल्या 55 ते 74 वयाच्या 767 पुरुषांचा अभ्यास झालाय, ज्यांचं ऑपरेशन किंवा रेडिएशन झालं नव्हतं, नुसती देखरेख नाहीतर हॉर्मोनचे उपचार. ग्लीसन 2 ते 4 असेल (तेव्हा इतके कमी आकडेही देत) तर 15 वर्षांत या कॅन्सरनेच मरायची शक्यता 4 ते 7 टक्के, आणि 8 ते 10 असेल तर 60 ते 87 टक्के! निदान 74 व्या वर्षी झालं तरी हा धोका मोठाच होता. म्हणजे "वय झालंय" हे कारण तिथे चालत नाही.

उलट बाजूही आहेच. 6 असेल आणि माणूस ऐंशीच्या घरात असेल तर बहुतेक वेळा हार्ट वगैरे दुसरंच काहीतरी आधी गाठतं, मग ऑपरेशन करून लघवीवरचा ताबा जायचा धोका घेण्यात काय अर्थ आहे. पण तोच 6 पंचावन्नाव्या वर्षी निघाला तर पुढे खूप वर्षं आहेत, लगेच कापाकापी नको असली तरी पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि गरज पडेल तेव्हा परत बायोप्सी, हे चुकवायचं नाही.

तुमच्या आरोग्य पुरवणीत या विषयावर लेख आला तर "हळू वाढणारा कॅन्सर" एवढंच छापू नका ही कळकळीची विनंती, कोणत्या ग्रेडचा हळू वाढतो आणि कोणत्या ग्रेडचा नाही तेही शेजारीच छापा.

एक वाचक