सोळा औतांची जमीन

लीड्स,
रविवार, दुपार

ती. आईस,
शि. सा. न.

फराळाचा डबा बुधवारी पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, पण तो मी दह्यात कालवून चार दिवस पुरवून खाल्ला. करंजी मात्र एकही फुटली नव्हती. वहिनींना सांग, त्यांच्या हातची मुरड इथंपर्यंत टिकली.

फोनवर तुझ्याभोवती सगळी असतात, मग बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र लिहिते आहे. चष्मा लावून सावकाश वाच, एका बसणीत वाचून झालं नाही तरी चालेल.

आधी तुझ्या काळज्या. मी बारीक झालेली नाही, फोनमध्ये तोंड तसं दिसतं. रोज भात-आमटी करते, आठवड्यातून दोनदा भाकरीही थापते. थंडी आहे, पण घरात नळांतून गरम पाणी खेळवून खोली ऊबदार ठेवतात, त्यामुळं आत बसलं की काही जाणवत नाही. अंधाराचं म्हणशील, तर आता चार-सव्वाचारलाच अंधारून येतं, त्यामुळं दिवेलागणीच्या आत घरी येणं रोज जमत नाही. पण रस्त्यावर दिवे असतात, माणसं असतात. एकटी असले तरी मी एकटी पडलेली नाही.

आता तुझा प्रश्न. भिशीच्या बायका विचारतात, लेक तिकडं नेमकं काय शिकते, तर त्यांना काय सांगायचं? ‘चारशे वर्षांपूर्वीची गोष्टीची पुस्तकं वाचते’ असं सांगताना तुला अवघड होतं, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. तर ती गोष्ट आज तुलाच सांगते, मग तू त्यांना सांग. कुणी नावं ठेवणार नाही, कारण ती जमिनीच्या वाटणीची गोष्ट आहे.

पुस्तकाचं नाव ‘रोझालिंड’. इथं एलिझाबेथ राणीचं राज्य होतं तेव्हा, १५९० साली, ते लंडनला छापलं गेलं. लिहिणारा थॉमस लॉज. एका कप्तानाबरोबर तो अझोर आणि कॅनरी बेटांच्या सफरीवर गेला होता, तेव्हा जहाजावर बसून त्यानं हे लिहिलं. सुरुवातीलाच तो सांगतो की एकेक ओळ लाटेच्या पाण्यानं भिजलेली आहे. चारी बाजूंना खारं पाणी, आणि हा माणूस हिरवी कुरणं, झरे आणि मेंढ्या लिहीत बसलेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. त्या काळात तिकडं अशा मेंढपाळी कथांची फार आवड होती. राजघराण्यातली माणसं रानात जातात, मेंढपाळाचा वेष घेतात, प्रेमात पडतात, कवनं रचतात. पुढं शेक्सपिअरनं आपलं एक नाटक याच गोष्टीवरून रचलं.

गोष्ट अशी. फ्रान्समध्ये बोर्दोचा सर जॉन नावाचा सरदार. मरायच्या आधी तो तिन्ही मुलांना जवळ बोलावून वाटणी सांगतो. थोरल्या सॅलडाइनला चौदा औतांची जमीन, वाडे आणि चांदीची भांडी. मधल्या फर्नंडाइनला बारा औतं. धाकट्या रोझाडरला घोडा, चिलखत, भाला आणि सोळा औतं. औत म्हणजे आपण म्हणतो तेच, एका नांगरानं वर्षभरात कसून होईल एवढं रान. इंग्रजीतला शब्द वाचताना मला दुसरा शब्दच सुचला नाही. आबांच्या तोंडून किती वेळा ऐकलाय तो!

धाकट्याला जास्त दिलं, तिथंच ठिणगी पडते. बाप मातीआड होतो न होतो तोच थोरला मनाशी हिशोब मांडतो. मधला पॅरिसला शिकायला गेलेला, त्याला पुस्तकांपुढं घराची आठवण नाही. धाकटा लहान आहे, त्याला अडाणी ठेवला की झालं. मग दोन-तीन वर्षं तो सख्ख्या भावाला घरात हरकाम्यासारखा राबवतो. एके दिवशी बागेत शब्दाला शब्द लागतो. थोरला नोकरांना सांगतो, बांधा याला. पोरगा जवळ पडलेलं मोठं दाताळं उचलतो आणि असा काही फिरवतो की नोकर पळतात, थोरला माळ्यावर जाऊन लपतो. एवढ्या जुन्या पुस्तकात, सरदाराच्या घरात, भांडणाला हाताशी आलं ते दाताळं!

मग कुस्ती. राजा टॉरिसमंडनं खऱ्या राजाकडून, जेरिसमंडकडून, राज्य बळकावलेलं असतं. लोकांनी त्या गोष्टीचा विचार करू नये म्हणून तो मोठा सोहळा भरवतो. एक नॉर्मन पैलवान आधी एका शेतकऱ्याच्या दोन तरण्याताठ्या मुलांना मारतो. थोरल्या भावानं त्याला पैसे चारलेले असतात, धाकट्याला जिवंत सोडू नकोस म्हणून. रोझाडर मैदानात उतरतो, त्याची नजर सज्जातल्या रोझालिंडवर जाते आणि तो कुस्तीच विसरतो. पैलवान खांदा धरून हलवतो तेव्हा भानावर येतो, आणि त्याला चीत करतो तो कायमचाच. रोझालिंड ही हद्दपार राजाची मुलगी. ती गळ्यातला दागिना काढून त्याला पाठवते.

राजा तिलाही देशाबाहेर काढतो. त्याची स्वतःची मुलगी अलिंडा मैत्रिणीची बाजू घेते, तर तिलाही. दोघी मैत्रिणी दागिने घेऊन निघतात. रोझालिंड उंच, म्हणून ती मुलाचा वेष घेते आणि नाव गॅनिमीड लावते. चालत चालत आर्डनच्या रानात पोचतात. तिथं कॉरिडॉन नावाचा म्हातारा मेंढपाळ भेटतो. तो सांगतो, मालक ही जमीन आणि कळप दोन्ही विकायला निघालाय, घेता का? दोघी ते विकत घेतात, कॉरिडॉनला कामावर ठेवतात आणि मेंढ्या राखतात. इतक्या कवितांच्या गर्दीत मला तो कॉरिडॉन खरा वाटतो. डोक्यावरचं छप्पर मालकाच्या मर्जीवर आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ज्या जुन्या काव्यावरून लॉजनं कथा घेतली, त्यात भावाभावांचं भांडणच आहे. या दोन मैत्रिणी त्यानं स्वतः आणल्या. माझा प्रबंध त्यांच्यावर आहे: घराबाहेर पडलेल्या मुली परक्या मुलखात आपला संसार कसा मांडतात यावर.

माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पुस्तकात पानोपानी मेंढ्या आहेत, तर एकदा मेंढ्या बघून ये. त्यांना काय माहीत, माझं बालपण मेंढ्यांच्या लेंड्यांतच गेलंय! तरी गेले, स्किप्टन नावाच्या गावाला. त्या नावाचा अर्थच मेंढ्यांचं गाव. आणि तिथं जे बघितलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना. इथं लोकांच्या शेतातून सार्वजनिक पायवाटा जातात. नीट वाच, शेजारून नाही, शेतातून. रान एकाचं, त्यात त्याची जनावरं चरतायत, आणि मधून कुणीही चालत जावं. त्याला कायद्याचा आधार आहे. मालक अडवू शकत नाही, वाट नकाशावर नोंदलेली असते. खांबावर पिवळा बाण असतो. बांधाच्या जागी दगडांच्या भिंती आहेत, चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड. वाट भिंतीला भिडते तिथं लांब दगड पायरीसारखे बाहेर ठेवलेले असतात. त्यावर पाय देऊन माणूस पलीकडं उतरतो, मेंढी येऊ शकत नाही. फाटक असलं तर ते आपल्यामागं लावायचं, हा एकच दंडक, आणि तो सगळे पाळतात. बरं, ही माणसं कामाला जात नसतात. रविवारी जाड बूट घालून, डबा घेऊन नुसती चालतात, चिखलातून, पावसातून. मी विचारलं, कुठं निघालात? तर एक आजी म्हणाल्या, कुठं नाही, फिरून परत येणार. मी एका मळ्याच्या मधोमध उभी होते. मालक चारचाकी मोटारसायकलवरून आला, आणि माझ्या पोटात गोळा उठला. आता विचारणार, कुणाची तू, माझ्या रानात काय करतेस. त्यानं हात वर केला आणि पुढं गेला. आपल्या वरच्या माळाच्या वहिवाटीसाठी आबांनी तहसीलच्या किती खेपा घातल्या ते आठवलं, आणि तिथंच डोळे भरून आले.

मेंढ्या काळ्या तोंडाच्या आणि पांढऱ्या नाकाच्या, शिंगं वळलेली. काहींच्या पाठीमागं निळा रंग लागलेला होता. आधी वाटलं मालकाची खूण. तसं नाही. नराच्या छातीला रंग फासतात, तो ज्या मेंढीवर चढेल तिच्यावर रंग उमटतो. मग कळतं कुठली कधी विणार, पाच महिन्यांचा हिशोब. धनगर मामा माळावर मेंढ्या बसवायला आले की त्यांना हे नक्की सांग.

गोष्ट राहिली. तिकडं थोरला रोझाडरला दालनातल्या खांबाला साखळीनं बांधतो आणि उपाशी ठेवतो. अ‍ॅडम स्पेन्सर म्हणून घरचा जुना गडी असतो. तो रात्री त्याला सोडवतो. दोघं आर्डनच्या रानात पळतात. खायला काही नाही, म्हातारा म्हणतो, माझी शीर कापतो, माझ्या रक्तावर तू जग. शेवटी हद्दपार राजा जेरिसमंड रानात जेवायला बसलेला सापडतो, आणि रोझाडर अ‍ॅडमला पाठीवर घेऊन तिथं नेतो. मग झाडांवर कोरलेली कवनं, मुलाच्या वेषातल्या रोझालिंडशी त्याचं लटकं लग्न, तिच्यावर भाळलेली फीबी, फीबीमागं झुरणारा मोंटेनस, हे सगळं होतं. ते फोनवर सांगेन.

पण एक जागा आत्ताच सांगते. थोरल्याचंही राजा सगळं काढून घेतो आणि त्याला हाकलून देतो. तो भटकत त्याच रानात येतो आणि दमून झोपतो. शेजारी सिंह बसलेला. सिंह मेलेल्याला शिवत नाही म्हणून हा हालतो का, याची वाट बघत. रोझाडर तिथून चाललेला असतो, भावाला ओळखतो. लॉज त्याला लगेच धावायला लावत नाही. रोझाडर उभा राहून विचार करतो: हा गेला तर सगळी जमीन माझी, रोझालिंडशी लग्नही जमेल. तो पाठ फिरवतो, चालू लागतो. आणि मग परत येतो, सिंहाला मारतो, स्वतः जखमी होतो. जागा झालेला सॅलडाइन त्याला ओळखत नाही. त्या अनोळखी माणसाला तो सांगतो, मी माझ्या धाकट्या भावाचं फार वाईट केलं, त्याला शोधायला निघालोय.

आई, दादानं ऑगस्टमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा फोनवर पाठवला. सोबत एका ओळीचा निरोपही नव्हता. मला वाईट वाटलं ते जमिनीसाठी नाही. त्यानंतर मी त्याचे दोन फोन उचलले नाहीत. तुला वाटलं मी कामात आहे. मी कामात नव्हते.

वाचताना मी स्वतःला रोझाडर समजत होते. पण या गोष्टीत एक मधला भाऊ आहे, पॅरिसला शिकायला गेलेला. बाराच्या बारा औतं त्याच्या नावावर, आणि घरी काय चाललंय याचा त्याला पत्ता नाही. तो येतो ते शेवटी, लग्नाच्या दिवशी. आबांना रात्री जीपमध्ये घालून दवाखान्यात दादानं नेलं. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. त्यानंतरच्या दोन्ही पेरण्या त्यानं एकट्यानं केल्या.

तर आता ठरलेलं सांगते. चैत्रातल्या यात्रेला मी येते, तिकीट काढलंय. विहिरीचं रान पूर्ण दादाचं होऊ दे, त्यावर मी आनंदानं सही करीन. माळावरच्या तुकड्यात मात्र सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे. तिथं काही पिकत नाही, पीक मला नकोही. आबांच्या जागी माझं नाव तिथं दिसावं, एवढंच.

दादाच्या खात्यावर चाळीस हजार पाठवलेत. आधी तुझ्या पाटल्या सोडवून आण. माझ्या तिकिटासाठी त्या गहाण पडल्या हे तू सांगितलं नाहीस, वहिनींनी सांगितलं. त्यांना रागवू नकोस. हे पैसे शिष्यवृत्तीतून वाचवलेत, पोटाला चिमटा घेऊन नाही.

कराडच्या स्थळाला नाही कळव. मुलगा चांगला असेल, पण प्रबंधाला अजून दोन वर्षं आहेत आणि त्यांना थांबवून ठेवणं बरं नाही. माझ्या मनात दुसरं कुणी नाही, असतं तर तुला सांगितलं असतं. मामा रागावतील, त्यांच्याशी मी बोलते. तू मधे पडून बोलणी खाऊ नकोस.

दादाला सांग, येत्या रविवारी सकाळी, तुमच्याकडं दहाला, मी फोन करते. त्यानं उचलावा.

तुझी,
धाकटी

ता. क. आबांचं घोंगडं उन्हात घालून ठेव. परत येताना ते मी घेऊन येणार आहे. थंडीसाठी नाही, थंडी खरंच वाजत नाही.